अल कपोन, त्याची टोळी आणि हिशेबाच्या वह्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी करसल्लागार आहे. रोजचा दिवस वह्या, पावत्या आणि विवरणपत्रांत जातो, त्यामुळे शिकागोच्या अल कपोनबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेही त्याच्या आयकराच्या खटल्याबद्दलच. तेव्हापासून प्रश्न येतच आहेत आणि बरेचसे पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले. साधे प्रश्न आधी आहेत आणि कायद्याचे किचकट प्रश्न शेवटी. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अल कपोन नेमका कोण होता? थोडक्यात सांगा.

१९२० च्या दशकात शिकागो शहरात बेकायदा दारू, जुगार आणि वेश्याव्यवसाय चालवणाऱ्या टोळीचा म्होरक्या. जन्म १७ जानेवारी १८९९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. सव्विसाव्या वर्षी टोळी त्याच्या हातात आली, बत्तिसाव्या वर्षी आयकर चुकवल्याबद्दल अकरा वर्षांची शिक्षा झाली आणि २५ जानेवारी १९४७ रोजी फ्लोरिडातल्या घरी तो वारला. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. त्याच्या दरार्‍याच्या गोष्टी ऐकून लोकांना वाटतं, वीस-पंचवीस वर्षं राज्य केलं असेल. प्रत्यक्षात हा काळ जेमतेम साडेसहा वर्षांचा आहे.

२. तो इटलीहून आलेला माफिया होता ना?

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आईवडील इटलीहून आले, तेही नेपल्सच्या बाजूचे. वडील गाब्रिएले न्हाव्याचं काम करायचे. अल स्वतः अमेरिकेतच जन्मला. माफिया ही मूळची सिसिलीची संघटना आणि कपोन सिसिलियन नव्हता. त्याची टोळीही एका जातकुळीची नव्हती. पैशाचा कारभार बघणारा जेक गुझिक ज्यू होता, मरी हम्फ्रीज वेल्श घरातला होता आणि कपोनची बायको मे आयरिश होती. त्याला माणूस कुठला यापेक्षा उपयोगाचा किती हे महत्त्वाचं वाटत असे.

३. ‘स्कारफेस’ हे नाव कसं पडलं?

तरुणपणी तो कोनी आयलंडवर फ्रँकी येल नावाच्या गुंडाच्या बारमध्ये कामाला होता. तिथे एका मुलीला उद्देशून तो काहीतरी अचकट बोलला. तिचा भाऊ शेजारीच होता. त्याने चाकू काढला आणि कपोनच्या चेहऱ्यावर डाव्या बाजूला तीन वार केले. पुढे कपोन हे व्रण लढाईतल्या जखमांचे असल्याचं सांगायचा, पण तो सैन्यात कधी गेलाच नव्हता. फोटो काढताना तो शक्यतो उजवी बाजू पुढे करायचा. हे नाव वर्तमानपत्रांत चाललं, त्याच्या तोंडावर ते घ्यायची कोणाची हिंमत नव्हती.

४. दारूबंदी नसती तर कपोन एवढा मोठा झाला असता का?

माझ्या मते नाही. गुंड झाला असता, पण शहर खिशात घालण्याएवढा पैसा त्याच्याकडे आला नसता.

अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली १७ जानेवारी १९२० रोजी, नेमका त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी. हा कायदा नीट वाचला की पुढचं बरंच उलगडतं. दारू बनवणं, वाहून नेणं आणि विकणं गुन्हा होता, पिणं नव्हे. बंदी येण्याआधी घरात भरून ठेवलेली दारू घरी बसून पिता येत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळायची, धर्मविधीसाठी वाइनला परवानगी होती. म्हणजे पिणाऱ्याच्या मनात आपण गुन्हा करतोय ही भावनाच नव्हती आणि विकणाऱ्याला मात्र तुरुंग होता. गिऱ्हाईक लाखोंनी आणि कायदेशीर दुकान एकही नाही, अशी ही बाजारपेठ खुद्द सरकारनेच उभी करून दिली होती.

बिअरची गंमत आणखी वेगळी. अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली ‘निअर बिअर’ कायदेशीर होती. ती बनवायची तर आधी खरी बिअर बनवावी लागते आणि मग त्यातलं अल्कोहोल काढावं लागतं. त्यामुळे परवाना असलेल्या कारखान्यात खरी बिअर रोजच तयार होत असे. अल्कोहोल काढण्याची शेवटची पायरी वगळली आणि पिंपं रात्री ट्रकमध्ये चढवली की झालं. शिकागोतल्या टोळ्यांनी असे कारखाने मूळ मालकांना हाताशी धरून चालवले. ट्रक रस्त्यावरून जायचा म्हणजे वाटेतला पोलीस हवा, कारखान्यावर निरीक्षक येणार म्हणजे तोही हवा. हप्त्यांची सगळी साखळी इथून सुरू झाली (प्रश्न ६ पाहा).

५. ब्रुकलिनचा पोरगा शिकागोत बॉस कसा झाला?

जॉनी टोरियोमुळे. टोरियो कपोनचा ब्रुकलिनपासूनचा गुरू. बुटका, शांत, दारूला न शिवणारा आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोबरोबर संगीत ऐकणारा माणूस. तो शिकागोत बिग जिम कोलोसिमोच्या कुंटणखान्यांचा कारभार पाहायचा आणि त्याने कपोनला तिकडे बोलावून घेतलं. कोलोसिमोला दारूच्या धंद्यात उतरायचं नव्हतं. ११ मे १९२० रोजी त्याच्याच हॉटेलात त्याला गोळी घालण्यात आली. खुनी कधी सिद्ध झाला नाही, गादी मात्र टोरियोकडे गेली.

टोरियोने टोळ्यांना एकत्र बसवून शहराची वाटणी करून दिली. हा तुझा भाग, तो त्याचा, कोणी कोणाच्या भागात बिअर विकायची नाही. तीनेक वर्षं हे चाललं. मग उत्तर भागाच्या डीन ओबॅनियनने टोरियोला एका बिअर कारखान्याच्या सौद्यात गंडवलं, धाड पडणार हे माहीत असूनही त्याला तिथे बोलावलं आणि टोरियो पकडला गेला. ओबॅनियनचं फुलांचं दुकान होतं, होली नेम कॅथेड्रलच्या समोर. १० नोव्हेंबर १९२४ रोजी तो तिथे एका अंत्ययात्रेसाठी फुलं कातरत होता. तिघे जण आत आले, एकाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि तो हात सोडलाच नाही. बाकीच्यांनी गोळ्या घातल्या.

उत्तर भागवाल्यांनी जानेवारी १९२५ मध्ये टोरियोला त्याच्या घरासमोर गाठलं. तो वाचला, पण त्याने पुढे हा खेळ नको असं ठरवलं आणि सगळा कारभार कपोनच्या स्वाधीन करून तो इटलीला निघून गेला.

६. एवढं सगळं होत असताना पोलीस आणि नगरपालिका काय करत होते?

बऱ्याच जणांना महिन्याचे पैसे मिळत होते. कपोनच्या चरित्रात मला सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण हेच वाटतं, आणि लोक ते वाचताना नेमकं घाईने उलटतात.

१९२३ मध्ये विल्यम डेव्हर हे सुधारणावादी महापौर निवडून आले, तेव्हा शिकागोत धंदा करणं जड जाऊ लागलं. टोळीने शेजारचं सिसेरो गाव गाठलं. १ एप्रिल १९२४ रोजी तिथे निवडणूक होती. मतदानकेंद्रांवर बंदूकधारी उभे राहिले. मतदारांच्या हातातली मतपत्रिका बघून ती चुकीची असेल तर त्यांना हुसकावलं जाई. संध्याकाळी शिकागोहून साध्या वेशातले पोलीस आले, त्यांच्या गोळ्यांनी अलचा थोरला भाऊ फ्रँक मेला. टोळीचे उमेदवार मात्र निवडून आले. दोन वर्षांनी, २७ एप्रिल १९२६ ला, त्याच सिसेरोत विल्यम मॅकस्विगिन हे सहायक सरकारी वकील मशिनगनच्या गोळ्यांनी मारले गेले. चौकशीसाठी एकामागून एक ग्रँड ज्यूरी (आरोप ठेवायचा का हे ठरवणारी नागरिकांची मंडळं) बसल्या आणि हाती कोणीही लागलं नाही.

१९२७ मध्ये ‘बिग बिल’ थॉम्पसन पुन्हा महापौर झाला. त्याचा दारूबंदीला उघड विरोध होता. टोळीला पुन्हा शिकागोच्या मध्यभागी हॉटेलांचे मजलेच्या मजले घेऊन बसता आलं.

७. गरिबांना फुकट जेवण देणारा माणूस एवढा वाईट कसा?

हा प्रश्न तरुण वाचकांकडून फार येतो. मंदीच्या काळात, १९३० च्या अखेरीस, कपोनच्या पैशातून शिकागोच्या साउथ स्टेट स्ट्रीटवर मोफत सूप, ब्रेड आणि कॉफी देणारं अन्नछत्र चालत होतं. बाहेर बेकारांच्या लांबच लांब रांगा लागायच्या. हे खरं आहे, फोटो आहेत. त्या रांगेतल्या माणसाला खरोखर भूक लागली होती आणि तिथे त्याला ऊन ऊन सूप मिळालं, हेही खरं.

पण ते कधी सुरू झालं ते बघा. खुनांमुळे लोकमत उलटलेलं होतं, शिकागो क्राइम कमिशनने एप्रिल १९३० मध्ये त्याला ‘सार्वजनिक शत्रू क्रमांक एक’ ठरवलं होतं आणि आयकर खात्याचे लोक त्याच्या मागावर होते. दुकानदारांकडून खंडणी, कुंटणखान्यातल्या बायकांच्या अंगावरची कमाई आणि विरोधात गेलेल्यांचे मुडदे यांतून आलेल्या पैशातला एक कण त्याने रांगेत वाटला. मला त्याच्यात रॉबिनहूड दिसत नाही.

८. सेंट व्हॅलेंटाइन डे हत्याकांडात नेमकं काय घडलं?

१४ फेब्रुवारी १९२९, गुरुवार, सकाळचे साडेदहा. शिकागोच्या उत्तर भागात २१२२ नॉर्थ क्लार्क स्ट्रीट इथे विटांची एक बैठी इमारत होती, आतमध्ये ट्रकचं गॅरेज. बग्स मोरान या कपोनच्या प्रतिस्पर्ध्याची माणसं तिथे जमली होती. बाहेर पोलिसांच्या गाडीसारखी गाडी थांबली. आत चौघे गेले, त्यातले दोन पोलिसांच्या गणवेशात. नेहमीची धाड असेल असं समजून सातही जण निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मशिनगन चालल्या. नंतर गणवेशातल्या दोघांनी आपल्याच साथीदारांना हात वर करायला लावून बाहेर आणलं, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटलं पोलीस कोणाला तरी पकडून नेतायत.

शेजाऱ्यांचं लक्ष गेलं ते कुत्र्यामुळे. ट्रकला बांधलेला हायबॉल नावाचा अल्सेशियन सारखा विव्हळत होता. तो कुत्रा जॉन मे याचा. मे हा टोळीतला बंदूकवाला नव्हता. तो तिथे ट्रक दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, घरी बायको आणि सात मुलं. मेलेल्यांत एक चष्म्याचे नंबर काढणारा होता, त्याला गुंडांच्या संगतीत ऊठबस करायची हौस होती. फ्रँक गुझेनबर्गला चौदा गोळ्या लागल्या होत्या आणि तरी तो तीनेक तास जिवंत होता. कोणी मारलं असं पोलिसांनी विचारलं, त्याने नाव सांगायला नकार दिला. मोरान स्वतः उशिरा निघाला होता. लांबून पोलिसांची गाडी दिसली म्हणून मागे फिरला आणि वाचला.

९. ते कपोननेच करवलं हे सिद्ध झालं का?

नाही. कपोन त्या दिवशी मायामीत होता, आणि तोही सरकारी वकिलाच्या कचेरीत. हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. डिसेंबर १९२९ मध्ये मिशिगनमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुंडाच्या घरात दोन थॉम्पसन मशिनगन सापडल्या. कॅल्विन गॉडार्ड या तज्ज्ञाने गोळ्या जुळवून त्याच बंदुका वापरल्याचं दाखवलं. गोळ्या तपासण्याच्या शास्त्राला अमेरिकेत त्या कामाने मोठी प्रतिष्ठा मिळाली. बर्कला मात्र शिक्षा झाली ती एका पोलिसाच्या वेगळ्या खुनासाठी.

१०. कपोन पहिल्यांदा तुरुंगात गेला तो करासाठीच का?

नाही. मे १९२९ मध्ये फिलाडेल्फियात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी एक वर्षाची शिक्षाही. मार्च १९३० मध्ये तो सुटला.

११. त्याला एलियट नेसने पकडलं ना?

सिनेमांनी हे इतकं पक्कं बसवलंय की खरं सांगितलं की लोक नाराज होतात. नेस हे दारूबंदी खात्याचे तरुण अधिकारी. त्यांच्या छोट्या तुकडीने कपोनच्या बिअर कारखान्यांवर धाडी घातल्या, ट्रक आणि पिंपं जप्त केली, लाच नाकारली. टोळीचा पैसा त्यांनी आटवला, याचं श्रेय त्यांचंच. त्यांच्या पुराव्यांवर जून १९३१ मध्ये कपोन आणि ६८ साथीदारांवर दारूबंदी मोडल्याच्या सुमारे पाच हजार गुन्ह्यांचं आरोपपत्रही झालं. पण तो खटला कधी चाललाच नाही, कारण आधी आयकराचा खटला चालला आणि त्यात शिक्षा झाली.

ते काम अर्थखात्याच्या गुप्तचर शाखेचं. प्रमुख एल्मर आयरी, शिकागोतला मुख्य तपास फ्रँक विल्सन यांचा, आणि न्यायालयात खटला उभा केला सरकारी वकील जॉर्ज जॉन्सन यांनी. कपोनला आत घाला म्हणून राष्ट्राध्यक्ष हूवर स्वतः अर्थमंत्री मेलन यांच्यामागे लागले होते. विल्सन यांच्याकडे मशिनगन नव्हती, होत्या जप्त केलेल्या कागदांच्या थप्प्या आणि पेन्सिल.

१२. बेकायदा कमाईवर कर कसा काय लागतो? चोराने चोरी जाहीर करायची का?

कपोनच्या वकिलांनाही सुरुवातीला असंच वाटत होतं. १६ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅन्ली सलिव्हन या दारू विकणाऱ्याच्या खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. धंदा बेकायदा असला तरी नफा हे उत्पन्नच आहे, त्यावर कर आहे. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेने दिलेला हक्क सांगून विवरणपत्रच भरायचं नाही, हे चालणार नाही.

बारकावा इथे आहे. न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटलं की विवरणपत्रातल्या एखाद्या विशिष्ट रकान्याचं उत्तर दिल्याने गुन्हा उघड होत असेल, तर तो आक्षेप त्या रकान्यापुरता विवरणपत्रातच घेता आला असता. पण कागद दाखल करणं टाळता येत नाही. कपोनने तर एकाही वर्षाचं विवरणपत्र भरलेलं नव्हतं.

१३. त्याच्या नावावर बँक खातं नाही, मालमत्ता नाही. मग उत्पन्न सिद्ध केलं कसं?

माझ्या आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबलंय.

प्रेअरी अव्हेन्यूवरचं घर आई आणि बायकोच्या नावावर, मायामीजवळ पाम आयलंडवरचा बंगला बायकोच्या नावावर, व्यवहार सगळा रोखीत. विल्सन दोनेक वर्षं कागद चाळत होते. एके रात्री उशिरा, मॅकस्विगिन यांच्या खुनानंतर सिसेरोत घातलेल्या धाडींत जप्त करून कोणी न उघडलेल्या सामानात, त्यांना तपकिरी कागदात गुंडाळलेल्या खातेवह्या सापडल्या. एका जुगाराच्या अड्ड्याच्या. पानापानावर खेळांची नावं डोक्यावर घालून रकाने आखलेले, फासे, रूलेट, घोडे, आणि खाली शिल्लक. नफ्याची वाटणी कोणाला किती तेही. एका ठिकाणी नोंद होती की फ्रँकने अलसाठी १७,५०० डॉलर दिले.

आता वही सापडली म्हणून भागत नाही, हे कुठलाही हिशेब तपासणारा सांगेल. वही लिहिली कोणी हे सांगणारा माणूस लागतो. विल्सन यांच्या लोकांनी सिसेरोतल्या माणसांच्या हस्ताक्षरांचे नमुने जमवले, बँकेच्या चिठ्ठ्या, जामिनाचे अर्ज, मिळेल ते. अक्षर जुळलं लेस्ली शमवे नावाच्या रोखपालाशी. तो मायामीत सापडला. त्याच्यापुढे पर्याय ठेवला गेला की साक्ष दे आणि संरक्षण घे, नाहीतर तू सापडल्याचं टोळीला कळेल. त्याने साक्ष दिली. दुसरा रोखपाल फ्रेड रीस याने अड्ड्याचा नफा बँकेच्या धनादेशांत कसा बदलला जायचा ते सांगितलं. खटला उभा राहीपर्यंत त्याला दक्षिण अमेरिकेत लपवून ठेवावं लागलं.

अड्डा कपोनचाच हे कोणी सांगितलं? मे १९२५ मध्ये हेन्री हूवर नावाचे पाद्री स्थानिक नागरिकांना घेऊन त्या अड्ड्यावर धाडीला गेले होते. समोरच्या हॉटेलातून कपोन झोपेतून उठून, दाढी न करता, पायजम्यावर कोट चढवून धावत आला. दारात अडवलं तेव्हा आपणच मालक आहोत असं बोलून गेला आणि आत जाऊन गल्ल्यातले पैसे खिशात भरू लागला. सहा वर्षांनी ती माणसं न्यायालयात उभी राहिली आणि त्यांनी हे शपथेवर सांगितलं. मला त्यांचं फार मोल वाटतं. त्यांना त्याच परिसरात राहायचं होतं.

उरलेली बाजू खर्चाची. शिंपी, फर्निचरवाले, हॉटेलवाले, हिऱ्यांची बक्कलं विकणारे, मायामीला तारेने आलेल्या पैशांच्या नोंदी, सगळे एकामागून एक साक्षीला आले. उत्पन्न नाही म्हणणारा माणूस हजारो डॉलर उडवतो, तर ते येतात कुठून, एवढाच सवाल ज्यूरीपुढे ठेवायचा होता.

१४. त्याच्या स्वतःच्या वकिलाने पुरावा दिला हे खरं का?

खरं. अलचा भाऊ राल्फ आणि टोळीतला वरचा माणूस फ्रँक निट्टी करचुकवेगिरीत अडकले. ते बघून कपोनने तडजोड करायची ठरवली. त्याचे करविषयक वकील लॉरेन्स मॅटिंगली यांनी सप्टेंबर १९३० मध्ये खात्याला पत्र दिलं. त्यात १९२६ चं उत्पन्न २६,००० डॉलर, १९२७ चं ४०,००० आणि पुढच्या दोन वर्षांचं प्रत्येकी एक लाखापेक्षा जास्त नाही, असं मान्य केलं होतं. हे कबुलीजबाब समजू नये असंही लिहिलं होतं. न्यायाधीशांनी पत्र पुराव्यात घेतलं. अशिलाच्या वतीने खात्याला पत्र लिहिताना हा खटला मला आजही आठवतो.

१५. तो गुन्हा कबूल करून अडीच वर्षांत सुटणार होता ना?

सरकारी वकिलांशी तसं ठरलं होतं. साक्षीदार मारले जातील किंवा फुटतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. जून १९३१ मध्ये कपोनने गुन्हा कबूल केला आणि बाहेर वार्ताहरांशी मजेत बोलला. पण न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी स्पष्ट सांगितलं की संघराज्याच्या न्यायालयाशी सौदा करता येत नाही, शिक्षा किती हे न्यायालय ठरवेल. तेव्हा कपोनने कबुली मागे घेतली आणि खटला चालला.

१६. आयत्या वेळी ज्यूरी बदलली ती का?

ज्यूरीसाठी निवडायच्या माणसांची यादी टोळीच्या हातात गेल्याची खबर विल्सन यांना लागली होती. त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. ६ ऑक्टोबर १९३१ रोजी, खटला सुरू होण्याच्या दिवशी, विल्करसन यांनी आपली यादी शेजारच्या न्यायालयातल्या यादीशी बदलून घेतली. ज्यांना पैसे किंवा धमकी पोचली असेल ती माणसं दुसऱ्याच खटल्यात जाऊन बसली.

१७. शिक्षा नेमकी कशाकशाची झाली?

एकूण २३ आरोप होते आणि थकवलेला कर २ लाख १५ हजार डॉलरच्या आसपास. ज्यूरीने त्यातले फक्त पाच मान्य केले. १९२५, १९२६ आणि १९२७ चा कर चुकवणं हे तीन गंभीर गुन्हे, आणि १९२८ व १९२९ चं विवरणपत्र न भरणं हे दोन किरकोळ गुन्हे. २४ ऑक्टोबर १९३१ ला शिक्षा झाली ११ वर्षं कैद आणि ५०,००० डॉलर दंड. खटल्याचा खर्च आणि थकलेला कर वेगळा. करचुकवेगिरीसाठी त्या काळात ही फार मोठी शिक्षा होती.

मला विचाराल तर शिक्षा योग्यच झाली. पण कर चुकवल्याची शिक्षा म्हणून ती बघणाऱ्या वकिलांना ती बोचते, आणि त्यांचं म्हणणं मला टाळता येत नाही. त्यातला सर्वांत टोकदार मुद्दा प्रश्न २२ मध्ये आहे.

१८. अल्काट्राझमध्ये त्याचं काय झालं?

मे १९३२ मध्ये तो अटलांटाच्या तुरुंगात गेला आणि ऑगस्ट १९३४ मध्ये, अल्काट्राझ नुकतंच सुरू झालेलं असताना, तिथे. कैदी क्रमांक ८५. तिथे पैसा आणि ओळख चालत नसे. तो कपडे धुण्याच्या विभागात काम करायचा, कैद्यांच्या वाद्यवृंदात बँजो वाजवायचा. जून १९३६ मध्ये एका कैद्याने त्याला कात्रीने भोसकलं.

तरुणपणी जडलेला आणि उपचार न केलेला सिफिलिस तोवर मेंदूत पोचला होता. १९३८ पासून तो गोंधळल्यासारखा वागू लागला. नोव्हेंबर १९३९ मध्ये सुटका झाली, बाल्टिमोरच्या रुग्णालयात उपचार झाले, पुढे पेनिसिलिनही मिळालं, पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून आलं नाही. शेवटची वर्षं पाम आयलंडच्या घरी बायकोच्या देखभालीखाली गेली. टोळीचा कारभार करण्याच्या अवस्थेत तो पुन्हा कधीच नव्हता.

१९. तो आत गेल्यावर टोळी संपली का?

नाही. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा टोळीचा मोठा धंदा गेला, पण ती जुगार, कामगार संघटना आणि खंडणीकडे वळली. नेतृत्व फ्रँक निट्टीकडे गेलं. हॉलिवूडच्या स्टुडिओंकडून खंडणी उकळल्याचं प्रकरण अंगाशी आलं आणि १९ मार्च १९४३ रोजी निट्टीने रेल्वेरुळांजवळ स्वतःला गोळी घातली. त्यानंतरही टोळी कित्येक दशकं टिकली.

२०. त्याचा सख्खा भाऊ दारूबंदी अधिकारी होता, ही अफवा ना?

अफवा नाही. सगळ्यांत थोरला व्हिन्चेन्झो लहानपणीच घर सोडून गेला आणि रिचर्ड हार्ट या नावाने नेब्रास्कात दारूबंदीची अंमलबजावणी करू लागला.

२१. जुगारात हरलेले पैसे उत्पन्नातून वजा का झाले नाहीत?

बचाव पक्षाने हेच मांडलं. सट्टेवाल्यांना साक्षीला आणलं आणि कपोन घोड्यांवर किती हरला ते सांगितलं. पण हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतूनच वजा होते, अड्ड्याच्या नफ्यातून नव्हे. शिवाय या साक्षींनी सरकारचंच काम सोपं केलं. जो माणूस उत्पन्नच नव्हतं म्हणतो, त्याच्याकडे हरण्यासाठी इतके डॉलर होते, हे त्याच्याच साक्षीदारांनी ज्यूरीला सांगितलं.

२२. खटला मुदतीबाहेर होता, मग शिक्षा टिकली कशी?

हा प्रश्न विचारणारे बहुधा वकील किंवा सीए असतात. कर चुकवल्याचा खटला तीन वर्षांत भरायचा की सहा, यावर तेव्हा वाद होता. सरकार सहा धरून चाललं होतं. म्हणून तर १९२४ च्या कराबद्दलचं पहिलं आरोपपत्र १३ मार्च १९३१ रोजी, सहा वर्षं भरायला दोन दिवस असताना, गुपचूप करून घेतलं. त्या आरोपातून कपोन सुटला, ही वेगळी गोष्ट. उरलेले २२ आरोप जून १९३१ चे.

१९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शार्टन खटल्यात सांगितलं की मुदत तीनच वर्षांची. हा हिशेब लावा. १९२७ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र मार्च १९२८ मध्ये भरायचं होतं, म्हणजे तीन वर्षं मार्च १९३१ मध्ये संपली आणि आरोपपत्र आलं जूनमध्ये. १९२५ आणि १९२६ तर त्याच्याही आधीची. तिन्ही गंभीर गुन्हे मुदतीबाहेर जात होते. राहिले असते ते विवरणपत्र न भरल्याचे दोन किरकोळ गुन्हे.

कपोनने हा मुद्दा घेऊन अटलांटाहून सुटकेचा अर्ज केला. १९३३ मध्ये तो फेटाळला गेला. मुदतीचा बचाव मूळ खटल्यातच घ्यावा लागतो, शिक्षा भोगताना अशा अर्जातून तो उकरून काढता येत नाही, असं कारण देण्यात आलं. कायद्यात आणखी एक तरतूद होती. आरोपी त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर जेवढा काळ असेल तेवढा काळ मुदतीत मोजला जात नाही. कपोनचे फ्लोरिडातले लांब मुक्काम आणि फिलाडेल्फियाच्या तुरुंगातले महिने आठवा (प्रश्न १०). त्याच्या वकिलांनी शिकागोत, ऑक्टोबर १९३१ मध्ये, ज्यूरी बसायच्या आत हा मुद्दा नीट मांडला असता तर निदान त्या दिवसांचा हिशेब तरी न्यायालयाला करावा लागला असता.